कळसूबाई शिखर : भूरचना आणि हवामान

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. उंची १,६४६ मी. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या सीमेवरील डोंगररांगेत ते आहे. लगतचा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणण्याचा प्रघात चुकीचा आहे.

सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे फुटलेल्या या रांगेत अलंग, मदन, कुलंग, औंढा व पट्टा हे किल्ले आहेत. रांगेच्या उत्तर उताराचे पाणी दारणेला आणि दक्षिणेचे प्रवरेला मिळते. दोन्ही नद्या पुढे गोदावरीला मिळत असल्याने जलविभाजक असूनही महाखोरे एकच राहते.

येथील खडक दख्खनच्या बेसाल्टाचे (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचे) असून लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांमुळे उतारांना पायऱ्यांचा आकार आला आहे. पश्चिम घाटातील थरांच्या वर्गीकरणात सर्वांत खालच्या उपगटाला याच रांगेचे नाव असून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे त्याचे घटक होत. त्यांच्या सीमांवर प्लॅजिओक्लेज या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक असलेला बेसाल्ट आढळतो. कसारा घाटातील असा थर विशेष परिचित आहे. उद्रेकांचा काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात, मात्र त्यांच्या गतीविषयी मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांपैकी लाव्हाच्या प्रवाहांमधल्या तांबड्या थरांतील झिरकॉन या खनिजाच्या वयावर आधारलेला अभ्यास उद्रेकांचे चार टप्पे मानतो, तर आर्गॉन कालमापनावर (खडकातील आर्गॉन वायूवरून वय ठरवण्याच्या पद्धतीवर) आधारलेला दुसरा ते जवळपास अखंड चालल्याचे मानतो. या उपगटापुरता फरक फारसा पडत नाही, कारण दोन्ही मतांनुसार त्यातील प्रवाह बव्हंशी क्रिटेशस कालखंडाच्या (डायनासोरांच्या युगातील शेवटच्या कालखंडाच्या) अखेरीचेच ठरतात.

जून ते सप्टेंबर या काळातील पावसाचे प्रमाण उंचीपेक्षा घाटमाथ्यापासूनच्या अंतरावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे शिखराहून कितीतरी ठेंगणे पण ऐन कड्यावर वसलेले घाटघर अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे, तर पूर्वेकडील सिन्नर पर्जन्यछायेत येते. शिखर नाशिक शहराहून सुमारे एक हजार मीटर उंच असल्याने दिवसाचे तापमान सर्वसाधारणपणे सहा अंशांनी कमी असणे अपेक्षित आहे. हिवाळ्यातील निरभ्र पहाटे मात्र थंड हवा सखल भागात साचते, म्हणून निफाडचा पारा माथ्याहूनही खाली जाणे असंभवनीय नाही.

माथ्यावर कळसूबाई देवीचे छोटे देऊळ असून नवरात्रात तेथे भाविकांची गर्दी असते. पायथ्याच्या बारी गावाकडून जाणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत.