खंजिरीची थाप आणि एमपीथ्री

नागपूर विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजन विदर्भात घरोघरी पोचलं. अशा भजनांची जुनी कॅसेट संगणकात उतरवली की हाती येते ती बहुधा वेव्ह फाइल, आणि ती भलतीच जड असते. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावा-उजवा असे दोन चॅनल. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. साठ मिनिटांच्या कॅसेटची एकच बाजू ३०० एमबीच्या वर जाते. भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढी फाइल कोण उतरवून घेणार? तिची एमपीथ्री करणं आलंच.

हे काम एफएफएमपेग नावाचा प्रोग्राम फुकटात करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली तो सुरू केला. त्यात बटणं नाहीत, कमांड टाइप करायची: आधी प्रोग्रामचं नाव, मग ‘डॅश आय’, मूळ फाइलचं नाव आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. त्या शेवटच्या नावाचं एक्स्टेंशन पाहून काय बनवायचं ते प्रोग्राम ओळखतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा ते, सांगितला नाही, तर एमपीथ्री सहसा १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) होते. मूळ वेव्ह १,४११ केबीपीएसची, म्हणजे डेटा अकरापट कमी.

मग बाकीचा आवाज गेला कुठे? मोठ्या आवाजाशेजारी, जवळच्याच कंपनसंख्येचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. एमपीथ्री नेमक्या अशा जागी आकड्यांची अचूकता कमी करते. त्यातून खरखर तयार होते, पण ती मोठ्या आवाजाखाली झाकली जाते. पेटीच्या सलग सुरांवर ही युक्ती छान चालते.

खंजिरीवर मात्र तिची परीक्षा होते. एमपीथ्री आवाज तुकड्यातुकड्यांनी तपासते, आणि लांब तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. थाप तुकड्याच्या शेवटी पडली, तर तिच्यासाठी केलेली काटकसर अख्ख्या तुकड्यावर पसरते आणि थापेच्या आधीच्या शांततेत फुसफुस उमटते. थाप पडून गेल्यावर कान शंभरेक मिलिसेकंद बधिर असतो, पडण्याआधी जेमतेम काही मिलिसेकंद. त्यामुळे आधीची फुसफुस लपत नाही. अशी थाप येताना दिसली की एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा भाग, लहान तुकडे वापरतो, पण बिटरेट कमी असेल तर तेवढ्यानं भागत नाही. युरोपात याची चाचणी कॅस्टनेट्स, म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या, वाजवून घेतात. माझ्या मते झांजा लावलेली खंजिरीही त्या कामाला तितकीच खट आहे. भजनासाठी मी तरी १९२ च्या खाली जाणार नाही.

एकदा गेलेलं परत येत नाही, हे मात्र पक्कं. एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केली तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. नुसतं नाव बदलून ‘डॉट ओपस’चं (ओपस हा आवाज दाबायचा आणखी एक प्रकार) ‘डॉट एमपीथ्री’ केल्यानं तर आत काहीच बदलत नाही.

कधीकधी आवाजाला हात लावायची गरजच नसते. झाडीपट्टीच्या नाटकाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ एमपीफोर असतो. तो नुसता डबा, आतला आवाज बहुतेक वेळा एएसी, म्हणजे एमपीथ्रीसारखाच आधीच दाबलेला. फक्त आवाज हवा असेल, तर कमांडमध्ये व्हिडिओ वगळायला सांगायचं, आवाजासाठी ‘कॉपी’ लिहायचं आणि नवी फाइल एमफोरए ठेवायची. तीन तासांचं नाटक असलं तरी फार वेळ लागत नाही, आणि एक बिटही हलत नाही. त्याचीच एमपीथ्री केलीत, तर एकदा दाबलेला आवाज उलगडून दुसऱ्यांदा दाबला जातो.

कॅसेटवरून आलेली वेव्ह फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावी. त्यात काहीही न गमावता जागा बरीच वाचते. ग्रुपसाठी एमपीथ्री दर वेळी त्या फ्लॅकमधूनच काढायची. फोल्डरभर फाइली असतील, तर तीच कमांड ‘फॉर’ लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलवर आपोआप चालेल अशी, घालून रात्री लावून द्यायची.