प्लेटलेट कायम कमी: सहा महिने की बारा?

नागपुरात ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोचला तो डेंग्यूमुळे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी हाळी उठते, त्याच सुमारास तापाचे वॉर्ड भरू लागतात. आकडा घसरला की नातेवाईक रक्तपेढ्या पालथ्या घालतात. पुढे ताप जातो, आकडा चढतो, विषय मिटतो. ज्यांचा आकडा वर्षानुवर्षं वीस-तीस हजारांतच रेंगाळतो, त्यांनाही मग हेच माप लागतं. पपईच्या पानांचा रस येतो, ‘प्लेटलेटची पिशवी का नाही चढवत?’ अशी विचारणा होते. त्यांच्यातल्या अनेकांना असतो तो आयटीपी (मूळ नाव ‘इडिओपॅथिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा’). या आजारात मात्र शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं, चढवलेल्याही फार टिकत नाहीत. त्यामुळे पिशवी सहसा गंभीर रक्तस्रावातच देतात.

खरा घोळ आहे ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनाट या शब्दाचा. पूर्वी सहा महिने उलटले की आजार क्रॉनिक ठरायचा. २००९ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ही रेघ बारा महिन्यांवर नेली. पहिले तीन महिने ‘नवा’, तीन ते बारा ‘टिकून राहिलेला’, आणि क्रॉनिक त्यानंतरच. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ, पण त्यात अनेकांची पानथरी (प्लीहा, जिथे या प्लेटलेट नष्ट होतात) गुंतलेली होती. स्टिरॉइड सोडताच आकडा कोसळणाऱ्या रुग्णाला सहा महिन्यांनंतर पानथरी काढायचा सल्ला मिळे. शस्त्रक्रियेचा गुण साधारण दोन तृतीयांश लोकांना येतो, हे खरं. पण काहींचा आकडा पहिल्या वर्षात आपसूक सावरतो, आणि काढलेली पानथरी परत येत नाही. जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो, लशी घ्याव्या लागतात. बारा महिन्यांची रेघ फार आधीच ओढायला हवी होती, असं म्हणायला बरीच जागा आहे.

त्याच गटाने आजार मानायची प्लेटलेटची हद्द दीड लाखावरून एक लाखावर आणली. लॅबचे रिपोर्ट मात्र दीड लाखाखालचा आकडा ठळक छापतात, आणि सव्वा लाखवाला माणूस धास्तावतो. नावातलं ‘इडिओपॅथिक’ (कारण न कळलेला) जाऊन ‘इम्यून’ (प्रतिकारशक्तीमुळे होणारा) आलं. ‘पर्प्युरा’ही गळलं, कारण अनेकांच्या अंगावर जांभळे डाग दिसतच नाहीत. आद्याक्षरं तेवढी तीच ठेवली, त्यामुळे जुन्या फायलीतलं आयटीपी आणि आजचं आयटीपी दिसायला एकच.

या आजाराचं पहिलं नेटकं वर्णन १७३५चं, एका जर्मन डॉक्टरचं. पानथरी काढायची कल्पना १९१६ साली प्रागमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याची. प्लेटलेट मारणारा घटक रक्तात असतो, हे दाखवण्यासाठी अमेरिकेतल्या एका तरुण डॉक्टरने रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्याच प्लेटलेट तळाला गेल्या. तो प्रयोग १९५१ साली छापून आला.

रोजचं जगणं मात्र बदललं ते २००८नंतर, प्लेटलेट तयार करायला अस्थिमज्जेला चालना देणारी औषधं आल्यावर. अंगदुखीला अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी न घेण्याचं पथ्य जुनंच. या नव्या औषधांपैकी एल्ट्रोम्बोपॅग या गोळीचं पथ्य नवं: कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून दूध-दह्याच्या आधी दोन तास किंवा नंतर चार तास ठेवून घ्यायची. झोपताना गोळी घेणाऱ्यांचं मे महिन्यातलं रात्रीचं ताक सुटतं, ते यामुळेच.