निम्म्या रात्रीचा फोन

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका रात्री उशिरा रिकाम्या होतात. स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मात्र एखादा मुलगा जिन्यातच बसून राहतो. घरचा फोन वाजतो, तो उचलत नाही. मेसचा डबा तसाच पडलेला असतो. अशा वेळी जीव नकोसा वाटणं किती झपाट्याने टोकाला जातं, याची आपल्याला कल्पना नसते.

ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या 82 जणांशी बोलून 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. हा आकडा वाचून मला धडकी भरली, आणि धीरही आला. लाट चढते तशी ओसरतेही. तेवढा वेळ सोबत हवी. त्यात आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीतही पूर्ण तयार झालेला नसतो, म्हणून तरुणांना ही सोबत जास्तच लागते.

ती खिशातल्या मोबाइलवर मिळू शकते. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा सुरू आहे. क्रमांक 14416. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने अनेक जण गप्प बसतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि सहसा तिला शिक्षा होत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मन शांत असताना करून ठेवायची ‘सुरक्षा योजना’. मोबाइलमधली साधी नोंद, अशी काहीशी: ‘दोन रात्री झोप नाही, मेसला जावंसं वाटत नाही, म्हणजे सावध. खोलीत एकटं बसायचं नाही. शनिपाराकडे, माणसांत जायचं. रूममेटला उठवायचं. ताईला फोन. मग 14416.’ जिवाला धोका होईल अशा वस्तू कोणाकडे सोपवायच्या, हेही त्यात येतं. अमेरिकेत 1,640 रुग्णांवरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. अशी योजना आणि नंतर फोनवर विचारपूस मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तनाचं प्रमाण 3.03 टक्के होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 5.29.

आणि मित्राने काय करायचं? सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतोय का रे?’ विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ भरतं, ही समजूत खोटी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या 2,342 विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं, तो अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारलेल्या मुलांत तसे विचार वाढले नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. धोका समोर दिसत असेल तर 112 किंवा 108 लावायचा.

रात्री तीनला उठवलं तर चालेल का, हे रूममेटला आजच विचारा. तो हो म्हणाला की त्याच्यासमोरच त्याचं नाव त्या नोंदीत लिहा.