परदेशस्थ वारस आणि पुण्यातील मिळकत

परदेशी स्थायिक झालेल्या व्यक्तीस मायदेशातील आप्ताच्या मृत्यूनंतर मिळणारी स्थावर व जंगम मालमत्ता, तसेच ती नावावर करून घेण्याची किंवा विकून पैसा बाहेर नेण्याची प्रक्रिया. पुण्यात हा विषय प्रामुख्याने पेठांतील वाड्यांचे हिस्से, कोथरूड-औंधकडील सोसायट्यांतले फ्लॅट आणि मुळशी, मावळ यांसारख्या तालुक्यांतील शेतजमिनी यांच्या संदर्भात पुढे येतो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची मिळकत पत्नी, मुलगे, मुली, आई इत्यादी पहिल्या वर्गातील वारसांकडे एकाच वेळी जाते. वारस कोठे राहतो किंवा त्याने भारतीय नागरिकत्व सोडले आहे काय, याने त्या हक्काला बाध येत नाही. अनिवासी भारतीयास शेतजमीन एरवी विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते, आणि पुढे ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकता येते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी केंद्रीय दुरुस्ती 2005 मध्ये झाली. त्या वर्षी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे लग्न करून अमेरिकेस गेलेल्या बहिणीच्या सहीवाचून वाड्याचा व्यवहार पुरा होत नाही, हे अनेक भावांना विकासकाच्या वकिलाकडूनच कळते.

हक्क मृत्यूसमयीच मिळतो, परंतु तो दप्तरात चढण्यास वेळ लागतो, आणि गोंधळ याच टप्प्यावर होतो. शेतजमिनीची वारसनोंद फेरफाराने सातबाऱ्यावर होते, शहरातील भूखंडाची मालमत्ता पत्रकावर. फेरफाराची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, तेव्हा दूर असलेल्या वारसाचे नाव वगळले गेल्याचे त्याला वर्षानुवर्षे कळत नाही. मात्र सातबारा हा महसुली अभिलेख असल्याने नाव वगळल्याने मालकी जात नाही. सोसायटीतील नामनिर्देशनाबाबतही असाच गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळते, मालक होत नाही.

मुंबईत झालेल्या मृत्युपत्रांना दीर्घकाळ प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयीन दाखला, सक्तीचे होते. पुण्यात केलेल्या व पुण्यातीलच मिळकतीपुरत्या मृत्युपत्रास ती अट नव्हती, तरी वाद असल्यास ते घेणे शहाणपणाचे ठरते. मृत्युपत्र नसेल तर स्थावर मिळकतीसाठी 1827 च्या मुंबई विनियमानुसार दिवाणी न्यायालयातून वारस दाखला, आणि शेअर किंवा येणी यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाते.

अंत्यविधीसाठी आलेला वारस बहुधा तेराव्यानंतर परततो आणि पुढचे काम कुलमुखत्यारपत्रावर सोपवतो. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावे लागते किंवा त्यावर अपोस्टिल, म्हणजे हेग करारानुसार सदस्य देशांत कागदपत्र ग्राह्य ठरवणारा अधिकृत शिक्का, घ्यावे लागते (भारत या कराराचा सदस्य 2005 पासून आहे), आणि भारतात पोहोचल्यावर 3 महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपते. म्हणून वडिलांनी दिलेले जुने मुखत्यारपत्र त्यांच्यामागे निरुपयोगी असते. त्या तेरा दिवसांतच भावंडांच्या लाभात हक्कसोडपत्र करून देण्याची प्रथाही आहे. वडिलोपार्जित मिळकतीसाठी जवळच्या नातलगांमध्ये त्याचे मुद्रांक शुल्क अवघे 500 रुपये असले, तरी नोंदणीनंतर ते सहजी मागे घेता येत नाही, म्हणून शोकाच्या भरात केलेली सही महाग पडू शकते.

भारतात मृत्युकर 1985 मध्ये रद्द झाला, त्यामुळे वारसा मिळाल्यावर कर लागत नाही; विक्रीवर भांडवली नफ्याचा लागतो. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावरील दर 12.5 टक्के असून, मूळ मालकाचा ताबाकाळ व खरेदी किंमतच हिशेबात धरली जाते. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या मिळकतीस त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते. विकणारा अनिवासी असल्यास खरेदीदाराने नेहमीच्या 1 टक्क्याऐवजी भांडवली नफ्याच्या दराने कर कापावा लागतो, म्हणून विक्रीआधीच कमी कपातीचे प्रमाणपत्र काढणे सोयीचे. रक्कम एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचे भारतातील रुपयांचे बँक खाते), सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह, एका आर्थिक वर्षात 10 लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. अमेरिकेतील करदात्याने परकीय व्यक्तीकडून एका वर्षात 1 लाख डॉलरहून अधिक वारसा घेतल्यास 3520 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. तेथे त्यावर कर नाही, पण अर्ज न भरल्यास वारशाच्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.