न सापडलेल्या तेल-वायूचे अनुमान

भूपृष्ठाखाली किंवा समुद्रतळाखाली असावे असे भूवैज्ञानिक पुराव्यांवरून वाटते, पण ज्यापर्यंत अजून एकही विहीर पोचलेली नाही, अशा खनिज तेलाचे व नैसर्गिक वायूचे प्रमाण ठरवण्याची रीत. ही मोजणी नव्हे. जे कोणी पाहिलेले नाही ते मोजता येत नाही; ते किती असू शकेल आणि तसे असण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. त्यामुळे या शास्त्राचे खरे उत्तर एक आकडा नसून आकड्यांचा पल्ला असतो. बातम्यांपर्यंत मात्र बहुधा त्यातला एकच आकडा पोचतो.

साठा आणि संसाधन

बोलण्यात ‘तेलाचे साठे’ हा शब्द सरसकट वापरला जातो. शास्त्रात साठा म्हणजे विहिरींनी सिद्ध झालेले आणि सध्याच्या तंत्राने व भावाने काढणे परवडणारे तेल. सापडलेले, पण काढणे अजून परवडत नाही किंवा काढण्याचा निर्णय झालेला नाही, असे तेल साठ्यात धरत नाहीत. न सापडलेले तेल तर त्याहून पलीकडचे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक व्हिन्सेंट मॅकेल्व्ही यांनी १९७२ साली या भेदाची एक चौकट मांडली. तिच्या एका बाजूवर भूवैज्ञानिक खात्री आणि दुसऱ्या बाजूवर आर्थिकदृष्ट्या परवडणे. साठा हा त्या चौकटीचा एक कोपरा. उरलेल्या मोठ्या भागात अनुमाने राहतात. तेल उद्योगात आज वापरले जाणारे वर्गीकरण २००७ साली ठरले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

‘न सापडलेले’ या शब्दालाही अट असते. बहुतेक अनुमानांत तंत्रदृष्ट्या काढता येण्याजोगे तेलच धरतात. खडकात असलेले सगळे तेल कधीच वर येत नाही. नेहमीच्या क्षेत्रांत साधारण एक तृतीयांश निघाले तरी बरे मानतात. किंमत मात्र पुष्कळदा हिशेबात नसते. म्हणूनच बर्फाखालच्या समुद्रातले पिंप आणि वाळवंटातले पिंप अशा तक्त्यात एकाच मोलाचे दिसते.

तेल असण्यासाठी काय काय जुळावे लागते

अनुमानाची सुरुवात नकाशाने होते. तेल जवळपास सर्वत्र गाळाच्या खडकांच्या द्रोण्यांत सापडते. द्रोणी म्हणजे भूकवच खचत गेल्याने किलोमीटरच्या किलोमीटर गाळ साचलेला खोलगट प्रदेश. पण द्रोणी आहे म्हणून तेल आहे असे नाही. आधी सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा उगमखडक हवा. बहुधा तो काळपट शेल, म्हणजे बारीक चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, असतो. तो पुरेसा खोल गाडला जाऊन तापायला हवा. साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसच्या दरम्यान त्यातून तेल सुटते, त्याहून जास्त तापमानाला वायू. मग ते तेल शिरू शकेल असा सच्छिद्र वालुकाश्म किंवा चुनखडक हवा, त्यावर तेल अडवणारे आच्छादन हवे आणि सगळे एकत्र धरून ठेवणारा सापळा हवा.

यात सर्वांत छळणारी बाब वेळेची. सापळा तयार होण्याआधीच तेल वाहून गेले असेल, तर बाकी सगळे असूनही विहीर कोरडी निघते. सापळा भरल्यानंतर प्रदेश कलला किंवा आच्छादन फुटले, तरी तेच. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ बोफर्ट समुद्रात १९८३ साली मुक्लुक नावाची विहीर खोदली गेली. प्रचंड प्रुडो बे तेलक्षेत्र तिथून फार दूर नव्हते आणि भूकंपीय नकाशावर (कृत्रिम कंपने सोडून परतणाऱ्या लहरींवरून काढलेल्या) सापळा भव्य दिसत होता. त्यासाठी समुद्रात खडीचे कृत्रिम बेट उभारले होते. भाडेपट्टे धरून दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आणि खडकात पाणी निघाले. तेलाचे डाग होते. म्हणजे तेल एकेकाळी तिथे आले होते आणि निघून गेले होते. भूकंपीय लहरी खडकांचा आकार दाखवतात, त्यांचा इतिहास फारसा सांगत नाहीत.

उगमखडकापासून सापळ्यापर्यंतच्या या साखळीला पेट्रोलियम प्रणाली म्हणतात. लेस्ली मॅगून आणि वॉलेस डाऊ यांनी १९९४ साली तिची मांडणी पक्की केली. तेव्हापासून अनुमानाचे एकक देशाच्या सीमा किंवा नुसती द्रोणी न राहता ही प्रणाली झाले. उगमखडक किती तापला हे पाहण्यासाठी त्यातल्या वनस्पतिजन्य कणांचा, म्हणजे व्हिट्रिनाइटचा, प्रकाश परावर्तित करण्याचा गुण मोजतात. परावर्तन साधारण ०.६ ते १.३ टक्के असेल तर खडक तेलाच्या टप्प्यात आहे.

वादातून घडलेल्या पद्धती

जुनी रीत अगदी सरळ होती. ज्ञात द्रोणीत एक घन किलोमीटर गाळामागे जेवढे तेल मिळाले, त्याने अज्ञात द्रोणीचे घनफळ गुणायचे. ही रीत मोहक आणि धोक्याची. दोन द्रोण्या सारख्या दिसतात आणि एकीत उगमखडकच नसतो.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत एक वाद पेटला, तो अजून वाचण्यासारखा आहे. सर्वेक्षण संस्थेतील ए. डी. झॅप यांचे गृहीतक असे की, यापुढे खोदलेल्या प्रत्येक फुटामागे आजवर मिळाले तेवढेच तेल मिळत राहील. उरलेला प्रदेश पुरेसा खोदला की देशाचे एकूण तेल ५९० अब्ज पिंपांवर जाते, असा त्यातून हिशेब निघाला. भूभौतिकीविज्ञ एम. किंग हबर्ट यांनी उलट दाखवले: दर फुटामागे मिळणारे तेल सतत घटत आले आहे, कारण मोठी क्षेत्रे आधी सापडतात. मोठे लक्ष्य चुकणे अवघड, हे त्यामागचे साधे कारण. हबर्ट यांनी १९५६ मध्येच एकूण तेल १५० ते २०० अब्ज पिंप धरून उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिगेला पोचेल असे म्हटले होते, आणि १९७० साली ते खरोखर पोचले. शेल खडकातून काढलेल्या तेलाने २०१८ मध्ये तो उच्चांक मोडला, हे मात्र त्यांच्या वक्ररेषेत कुठेच नव्हते. नेहमीच्या, म्हणजे सापळ्यांतल्या, तेलाबद्दल हबर्ट बरोबर होते आणि ‘तेल’ या शब्दाची व्याप्ती बदलेल हे त्यांनी धरले नव्हते, असाच या वादाचा निकाल द्यावा लागेल.

‘मोठे आधी’ या निरीक्षणावरून पुढे एक आलेख रूढ झाला: आडव्या अक्षावर शोधविहिरींची संख्या, उभ्या अक्षावर एकूण सापडलेले तेल. रेषा आधी उभी चढते, मग सपाट होते. सपाट भाग पुढे ओढला की किती उरले याचा अंदाज मिळतो. त्याला अपवादही ठसठशीत आहेत. नॉर्वेच्या उत्तर समुद्रातला शोध साठच्या दशकापासूनचा. तरी तिथले योहान स्वेरड्रुप हे दोन अब्ज पिंपांहून मोठे क्षेत्र २०१० साली हाती लागले, आणि तेही देशाच्या सर्वांत जुन्या परवानाक्षेत्राच्या परिसरात.

आजची रीत

एका सापळ्यातले तेल काढायचे तर गुणाकार करावा लागतो. समजा सापळ्याचे क्षेत्रफळ २० चौरस किलोमीटर, उपयुक्त थराची जाडी ३० मीटर, सच्छिद्रता २० टक्के, छिद्रांतला तेलाचा वाटा ७० टक्के. वर येताना तेल आकसते म्हणून १.३ ने भागायचे, आणि त्यातले ३५ टक्के निघेल असे धरायचे. उत्तर येते साधारण १४ कोटी पिंप (एक पिंप सुमारे १५९ लिटर). आता जाडी २० मीटर आणि सच्छिद्रता १५ टक्के धरली, तर उत्तर ७ कोटींवर येते. दोन्ही संच तितकेच संभाव्य असू शकतात.

म्हणून प्रत्येक घटकासाठी एक आकडा न घेता किमान, मधला आणि कमाल असा पल्ला घेतात. पूर्ण प्रदेशाच्या अनुमानात सर्वेक्षण संस्था दोन प्रश्न विचारते: ठरावीक आकारापेक्षा मोठी किती क्षेत्रे अजून सापडायची असतील, आणि ती केवढी असतील? क्षेत्रांचे आकार लॉगनॉर्मल वितरणाने मांडतात. म्हणजे लहान क्षेत्रे ढीगभर, राक्षसी मोजकी, आणि बरेचसे तेल त्या मोजक्यांत. मग संगणक या पल्ल्यांतून हजारो वेळा चिठ्ठ्या काढल्यासारखे आकडे उचलतो आणि दर वेळी बेरीज करतो. हीच मॉन्टे कार्लो पद्धत. हजारो बेरजांची रास रचली की पल्ला दिसतो. निदान एवढे तेल असेलच याची शक्यता ९५ टक्के, एवढ्याहून जास्त असण्याची फक्त ५ टक्के, आणि मध्ये कुठेतरी माध्य, म्हणजे सरासरी.

याशिवाय अख्खी प्रणाली चालली असेल का, याची शक्यता वेगळी धरतात. तेल पुरवले गेले असण्याची ०.८, योग्य खडक असण्याची ०.७, वेळ जुळून तेल टिकले असण्याची ०.९ मानली, तर गुणाकार येतो जेमतेम ०.५. तिन्ही गोष्टींबद्दल बऱ्यापैकी आशावादी राहूनही हाती उरते ते नाणेफेकीएवढे.

बेरजेत एक सापळा आहे आणि तो भूगर्भातला नाही. अनेक द्रोण्यांची माध्ये बिनदिक्कत मिळवता येतात; ‘५ टक्के शक्यते’चे आकडे तसे मिळवता येत नाहीत. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक, दोन फाशांवर मिळून बारा पडण्याची छत्तीसात एक. सगळ्या द्रोण्या एकाच वेळी भरभरून निघणे तसेच दुर्मीळ असते, आणि त्या एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत यावर जगाचा पल्ला रुंद की अरुंद हे ठरते.

माणसांचा दोष यापेक्षा चिवट. पेट्रोलियम अभियंता एड केपन यांनी १९७६ साली दाखवले की, ९० टक्के खात्रीचा पल्ला द्या म्हटल्यावर तज्ज्ञ इतके अरुंद पल्ले देतात की खरे उत्तर त्यांत निम्म्याहूनही कमी वेळा बसते. संगणक कितीही वेळा फिरवला तरी आत घातलेला अतिआत्मविश्वास बाहेर तसाच येतो.

जगाचे आकडे

सर्वेक्षण संस्थेने २००० साली १९९५ ते २०२५ हा काळ डोळ्यांपुढे ठेवून जगाचे अनुमान प्रसिद्ध केले. अमेरिका वगळून न सापडलेल्या नेहमीच्या तेलाचे माध्य ६४९ अब्ज पिंप होते. पल्ला होता ३३४ ते १,१०७ अब्ज, म्हणजे वरचे टोक खालच्याच्या तिपटीहून मोठे. २०१२ मध्ये तेच माध्य ५६५ अब्ज पिंपांवर आले. वायू ५,६०६ लाख कोटी घनफूट. दरम्यान २००८ साली आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेचे वेगळे अनुमान झाले: ९० अब्ज पिंप तेल आणि १,६६९ लाख कोटी घनफूट वायू, पैकी सुमारे ८४ टक्के समुद्राखाली. जगाच्या न सापडलेल्या तेलाचा १३ टक्के आणि वायूचा ३० टक्के वाटा उत्तरेत, हे त्यातले वाक्य खूप गाजले. खर्च आणि बर्फ हिशेबात धरलेले नाहीत, हे त्याच अहवालातले वाक्य तेवढे गाजले नाही.

आकडे किती हलतात याचा उत्तम नमुना अलास्कातल्या नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्ह या तेलासाठी राखीव सरकारी प्रदेशाचा. २००२ साली माध्य १०.६ अब्ज पिंप. पुढच्या विहिरींत अपेक्षित तेलाऐवजी वायू लागू लागला, म्हणून २०१० मध्ये ते ०.९ अब्जांवर आले. मग नानुशुक नावाच्या थरात मोठे शोध लागले आणि २०१७ साली, लगतचा भाग धरून, नानुशुक व टोरोक या दोनच थरांसाठी माध्य ८.७ अब्ज झाले. खडक तिथेच होते. बदलले ते त्यांच्याबद्दलचे ज्ञान.

शेलसारख्या खडकांत ही सगळी रीत अपुरी पडते, कारण तिथे वेगवेगळे सापळेच नसतात. तेल थरभर पसरलेले असते. मग सापळे मोजायचे सोडून एक विहीर आयुष्यभरात किती देईल आणि किती विहिरी मावतील, हे पाहतात. एका विहिरीचा अंदाज चुकला की तो हजारो विहिरींनी गुणला जातो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे शेलमध्ये काढण्याजोगे १५.४ अब्ज पिंप तेल असल्याचे अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ साली म्हटले. २०१४ मध्ये ते ०.६ अब्ज केले. उलट अमेरिकेतल्याच बाकेन या शेल थराचे अनुमान १९९५ साली १५.१ कोटी पिंप होते, ते २००८ मध्ये ३.६५ अब्ज झाले.

२००० सालच्या अनुमानातली दोन पाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. गयाना-सुरिनाम द्रोणीला त्यात सुमारे १५ अब्ज पिंप दिले होते. तोवर तिथल्या समुद्रातल्या विहिरी निराशाच करत आल्या होत्या. २०१५ साली लिझा क्षेत्र सापडले आणि त्यानंतर गयानाच्या एकाच परवानाक्षेत्रात ११ अब्ज पिंपांहून अधिक तेलाचे (वायूही तेलाच्या मापात धरून) शोध लागले. ईशान्य ग्रीनलंडला नॉर्वेच्या किनारपट्टीशी तुलना करून ४७ अब्ज पिंप दिले होते. नव्या नकाशांनंतर २००७ मध्ये ते सुमारे ९ अब्जांवर आले, आणि तेही समुद्रात एकही शोधविहीर न खोदता. ग्रीनलंडच्या सरकारने २०२१ साली नवे शोधपरवाने देणे थांबवले.