गप्प बसणारं लेकरू आणि ‘अत्याचार’ या शब्दाचा घोळ

घरी बापाचा मार, शाळेत गुरुजींची छडी, हे आपल्याकडं कैक पिढ्या चालत आलंय, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. डॉक्टर लोकांनी याकडं वेगळं बघायला सुरुवात केली ती १९६२ ला, अमेरिकेत, लहान पोरांच्या एक्स-रेमधली जुनी मोडून जुळलेली हाडं माराची खूण म्हणून मांडली गेली तेव्हा. म्हणून बरीच वर्षं सगळं लक्ष हाडांवर आणि अंगावरच्या वळांवर राहिलं, ते लेकरू वर्गात कसं वागतं हे कुणी विचारलं नाही. १९९० ला चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की घरी मार खाणारी मुलं दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही वाईट हेतू बघतात, म्हणजे चुकून धक्का लागला तरी ‘यानं मुद्दाम मारलं’.

शाळेत काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सरांनी फळा पुसायला हात वर केला की डोकं झाकणारं पोरगं आम्ही बघितलंय. काही लेकरं वांड होतात, मारामाऱ्या करतात, मग त्यांच्याशी कुणी खेळत नाही, ती अजून बिघडतात. काही मात्र एकदम गप होतात. वांड पोराची निदान तक्रार तरी येते, गप बसणाऱ्याला आपण गुणी म्हणतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता शब्दाचं. ट्रेनिंगमध्ये ‘बाल अत्याचार’ म्हणतात, पण पेपर वाचून वाचून अत्याचार म्हणजे लैंगिकच असं डोक्यात बसलंय. शोषणाचंही तेच. छळ म्हटलं की सासर आठवतं. मग रोज पट्ट्यानं मारणाऱ्या बापाचं काय, तर तो ‘वळण लावतो’. पोरीला दिवसरात्र ‘तू मेली असतीस तर बरं झालं असतं’ ऐकवणाऱ्या घराचं काय, त्याला तर शब्दच नाही, आणि शब्द नाही म्हणून मीटिंगमध्ये विषय निघत नाही. आपल्याकडं अजून दोन शब्द आहेत, हेळसांड आणि आबाळ. हेळसांडीत दोष कुणाचा तरी असतो, आबाळ परिस्थितीनं होते. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्यातून कोयता निघतो, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरू आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतं, नाहीतर फडावर जातं, ती आबाळ आहे. बाहेरून येणारी माणसं या आई-बापाला पण मारकुट्यांच्या रांगेत बसवतात ते मला अजिबात पटत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यातलं कलम ७५ सुद्धा मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा सांगताना, नाइलाजानं मूल सोडावं लागलेल्या जन्मदात्यांना वगळतं. पण वर्गात परिणाम बघितला तर आई-बापाविना मागं राहिलेलं आणि मार खाल्लेलं, दोन्ही लेकरं कधी कधी सारखीच मिटलेली दिसतात, तिथं शिक्षकाचा गोंधळ होतो.

२००७ ला केंद्र सरकारची मुलांवरच्या अत्याचाराची पाहणी आली, महाराष्ट्र धरून १३ राज्यं, १२,४४७ मुलं, त्यात ६९ टक्के मुलांनी शारीरिक मार सांगितला आणि शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेतलाच. म्हणजे घरचा मार ओळखायचा ज्यांनी, त्यांच्याच हातात छडी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं (कलम १७) छडी बंद केली, मानसिक त्रासही बंद केला. २०१२ ला पोक्सो आला, लैंगिक गुन्हा कळला तर कळवणं सक्तीचं, शिक्षकालाही, नाहीतर शिक्षा. हे गरजेचंच होतं, पण त्यामुळं शाळांची सगळी भीती एकाच प्रकाराभोवती जमा झाली. २०२२ ला शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या, २०२४ च्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी. पेटी असावीच, पण पहिलीतलं पोर चिठ्ठी कशी लिहिणार आणि घरातल्या माराची तक्रार कुठलं लेकरू शाळेच्या पेटीत टाकतं?

स्थलांतर करणाऱ्या पोराला आपण शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे नव्या शाळेला इयत्ता आणि अभ्यास कुठवर झाला ते कळतं. ते कशानं दचकतं, कुणाजवळ बसलं की बोलतं, हे जुन्या बाईंनी फोन करून सांगितलं तरच कळतं. काही बाई करतात असा फोन.