पुण्याच्या उन्हात स्टॉकहोमचा हॉल

नव्या घराची चावी हातात आली की हॉल कसा सजवायचा यावर चर्चा सुरू होते आणि मोबाइलवर फोटो जमायला लागतात. त्यात हल्ली एक फोटो हमखास असतो: पांढऱ्याशुभ्र भिंती, फिकट लाकडाची जमीन, राखाडी सोफा, मोठी उघडी खिडकी आणि बाकी जवळजवळ काहीच नाही. या शैलीला ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणतात. फोटो सुंदर असतो, यात शंका नाही. पण तो ज्या उन्हात काढलेला असतो ते ऊन आपल्याकडे नाही. खोलीची शैली निवडताना सगळ्यात आधी हीच गोष्ट बघायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो आणि दिवस सहा तासांत आटोपतो. अशा ठिकाणी घरात शिरलेला प्रत्येक किरण जपून वापरावा लागतो. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. इथे डिसेंबरातला दुपारचा सूर्यही ४८ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या मध्यावर तर तो थेट डोक्यावर येतो. त्यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो. स्वीडनमधल्या माणसाला प्रकाश गोळा करायचा असतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या माणसाला तो आवरायचा असतो.

पांढरी भिंत प्रकाश कसा गोळा करते, त्यामागचं गणित सोपं आहे. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. हा प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा ८० टक्के परततो, मग छतावर, मग पुन्हा भिंतीवर. खिडकीतून परत बाहेर जाणारा भाग बाजूला ठेवला, तर या सगळ्या उड्यांची बेरीज मूळ प्रकाशाच्या चौपट भरते. म्हणजे थेट आलेला प्रकाश एक वाटा आणि भिंतींनी फिरवून दिलेला चार वाटे. रंग मध्यम निवडला, ५० टक्के परत फेकणारा, तर ही बेरीज चार वाट्यांवरून एका वाट्यावर येते. गडद रंगाची भिंत फक्त २० टक्के परत देत असेल, तर उरतो पाव वाटा. रंग थोडासा गडद केला की खोली एकदम अंधारते असं रंगकाम झाल्यावर अनेकांना जाणवतं, त्याचं कारण हे आहे. आधीच काळोख्या, समोर दुसरी इमारत असलेल्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये ‘रॉयल’ लुकसाठी तपकिरी किंवा गडद निळा रंग चारही भिंतींना देणं म्हणजे दिवसभर दिवे लावायची तयारी करणं.

पण जिथे ऊन भरपूर आहे, तिथे फोटोतली ती मोठी उघडी खिडकी डोळ्यांना त्रास देते. भर दुपारी बाहेर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) इतका प्रकाश असतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात तो शंभर लक्सपर्यंत उतरलेला असू शकतो. आपला डोळा या दोन्हीत काम करू शकतो, मात्र एकाच वेळी नाही. झगझगीत खिडकी आणि शेजारची काळोखी भिंत एकदम समोर आली की बाहुली खिडकीच्या उजेडाला जुळवून घेते आणि खोली आहे त्याहून अंधारी दिसते. म्हणून खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत आणि खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजू फिक्या ठेवाव्यात. छतही पांढरं असावं. गडद रंगाची हौस असेल, तर ती खिडकीच्या समोरच्या भिंतीवर भागवावी, कारण तिला प्रकाश सगळ्यात जास्त मिळतो. आपल्याकडे बरेचदा नेमकं उलट होतं: टीव्हीमागच्या किंवा खिडकीशेजारच्या भिंतीला ठसठशीत रंग दिला जातो आणि दिवसा तिच्याकडे बघवत नाही.

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न चांगला सोडवला होता. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले असत. शिंपल्यातून येणारं ऊन सगळीकडे विखुरतं; खोलीत उजेड येतो, झगझगाट येत नाही. पुण्याच्या वाड्यांमध्ये बाहेरच्या जाड भिंतींना खिडक्या कमी आणि लहान, तर उजेड यायचा तो मधल्या चौकातून, भिंतींवरून आणि फरशीवरून परतून. अशा मऊ उजेडात काळसर लाकडी खांब आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, शोभून दिसतात. तेच खांब आणि तेच कोरीव लाकूड मोठ्या काचेच्या खिडकीसमोर आणून ठेवलं, तर ते फक्त काळ्या आकृतीसारखं दिसतं. ‘वाडा थीम’ करायची असेल, तर आधी उजेड वाड्यासारखा करावा लागतो.

पश्चिमेच्या खिडकीबद्दल वेगळं सांगायला हवं. दक्षिणेचं ऊन आपल्याकडे उन्हाळ्यात उंचावरून येतं, त्यामुळे दीडदोन फुटांचा छज्जा ते अडवतो. दुपारी चार-पाचचं पश्चिमेचं ऊन मात्र छज्जाखालून सरळ सोफ्यापर्यंत येतं. त्यावर महागडे जाड पडदे लावतात, पण पडदा आतून असेल तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि त्याची उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. बाहेरच्या बाजूला सोडलेली बांबूची चिक हेच काम किती तरी चांगलं करते. नागपूर, जळगावसारख्या कोरड्या हवेत तिच्या जागी वाळ्याचा ओला पडदा असेल तर दुहेरी फायदा, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

आता रंगाच्या दुकानात जाऊ. शेड कार्डवर फिक्कट पिवळी दिसलेली छटा भिंतीवर भडक पिवळी का होते? इथेही प्रकाशाच्या उड्याच काम करतात. समजा, एखादा पिवळसर रंग पिवळा प्रकाश ८० टक्के परत फेकतो आणि निळा ६० टक्के. कार्डावरून प्रकाश एकदाच परततो, तेव्हा निळ्याचं पिवळ्याशी प्रमाण ७५ टक्के असतं. चारही भिंतींना तोच रंग दिला की दुसऱ्या उडीनंतर ते ५६ वर येतं, तिसऱ्या उडीनंतर ४२ वर. प्रत्येक उडीत खोली स्वतःच्याच रंगात आणखी भिजत जाते. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी आणि रंगाऱ्याला एकाच भिंतीवर नाही, तर कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचा पॅच मारायला सांगावं. कोपऱ्यात रंग एकमेकांवर उजेड टाकतो, त्यामुळे खरा अंदाज तिथेच येतो. पॅच सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावा. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर पांढरा. दुकानातला पांढरा ट्यूबलाइट सुमारे ६,५०० केल्विनचा असतो आणि घरातला पिवळसर दिवा २,७०० चा. दुकानात अगदी जुळलेले पडदा आणि सोफ्याचं कापड घरी आल्यावर वेगवेगळे दिसू शकतात, कारण दोघांची रसायनं वेगळी असतात आणि एका प्रकाशात योगायोगाने जुळलेला रंग दुसऱ्या प्रकाशात जुळेलच असं नाही.

शेजारचा रंगही फसवतो. याचा शोध एका तक्रारीतून लागला. १८२४ साली मिशेल-यूजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या प्रसिद्ध गोबेलाँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या कापडातला काळा रंग फिका पडतो, अशी तिथे तक्रार होती. त्यांनी काळ्या धाग्याची तपासणी केली, इतर ठिकाणच्या उत्तम धाग्यांशी तुलना केली, आणि धाग्यात काहीच खोट सापडली नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. आपला डोळा प्रत्येक रंग शेजारच्या रंगाच्या तुलनेत मोजतो आणि दोघांमधला फरक वाढवून दाखवतो. त्यावरचं त्यांचं सविस्तर पुस्तक १८३९ मध्ये आलं. आपल्या हॉलमध्ये याचा अर्थ असा की, फोटोतला तोच राखाडी सोफा पिवळसर भिंतीपुढे निळसर दिसेल आणि हिरव्या भिंतीपुढे किंचित गुलाबी. सोफा बदलायला दुकानात जाण्याआधी त्याच्यामागे वेगळ्या रंगाची चादर धरून बघावी. पुष्कळदा सोफा ठीकच असतो.

इथपर्यंत सगळं डोळ्यांचं झालं. सजावटीच्या चर्चेत कानांना कुणी विचारतच नाही आणि मला हे फार खटकतं, कारण ‘मिनिमल’ खोलीत राहायला गेलेल्यांची खरी अडचण बहुतेक वेळा आवाजाची असते. टीव्हीचं बोलणं कळत नाही, चार पाहुणे आले की कलकलाट होतो, आजोबांना प्रत्येक वाक्य पुन्हा सांगावं लागतं.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे असंच एक काम आलं. फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यान दालनात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्यात पुढची दहा-पंधरा अक्षरं त्यावर येऊन आदळायची. सॅबाइन रात्री सगळं शांत झाल्यावर जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या दालनात आणून मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी होत गेला, शेवटी सव्वा सेकंदाच्याही खाली आला. यातून त्यांनी जे सूत्र काढलं ते आजही वापरतात: आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे खोलीचं घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीतली एकूण शोषणक्षमता. शोषण मोजायचं माप म्हणजे उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र आपल्या हॉलला लावून बघू. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली ६० घनमीटरची होते आणि तिच्या सहा पृष्ठांचं क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर. व्हिट्रिफाइड टाइल, गिलावा, काच यांचं शोषण तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून तीन चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतकंसुद्धा नाही. आवाज विरायला लागतात सुमारे ३.४ सेकंद. आता सहा चौरस मीटरचा जाड, चुण्यांचा पडदा, तेवढाच गालिचा आणि कापडी सोफा आणला, तर शोषणात साधारण आठ चौरस मीटरची भर पडते आणि वेळ एका सेकंदाच्या खाली येतो. भिंतीवरच्या फोटोफ्रेम किंवा काचेची शोकेस यात काही मदत करत नाहीत. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट करतं.

या हिशेबात आपली भारतीय बैठक उत्तम बसते. गाद्या, लोड, तक्के आणि खाली जाजम, म्हणजे सॅबाइननी रात्री वाहून आणलेल्या गाद्यांचं सगळं काम आपल्याकडे आधीच झालेलं. गाण्याच्या खासगी बैठकीत तंबोऱ्याचा बारीक स्वरही स्पष्ट ऐकू येतो, त्यात या कापसाचा मोठा वाटा आहे. बैठक करायची ठरवली तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण पाऊण मीटर उंचीवर असतात, सोफ्यावरच्यापेक्षा बरेच खाली. भिंतीवरची चित्रं त्या बेताने खाली आणावीत आणि छताला उघडे, डोळ्यांत घुसणारे दिवे लावू नयेत. छत मात्र आपोआप उंच वाटतं, त्यामुळे साडेनऊ फुटी फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगने आणखी अर्धा फूट खाऊन टाकण्यापेक्षा बैठक मला शंभर पटींनी बरी वाटते.

जमिनीबाबत एकच सांगते. एकाच खोलीतली फरशी आणि लाकूड यांचं तापमान सारखंच असतं, तरी फरशी गार लागते, कारण दगड तळपायाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. खोली २४ अंशांवर असेल तर ग्रॅनाइटला टेकलेल्या त्वचेचं तापमान क्षणात २७ च्या आसपास उतरतं, लाकडावर ते ३१ च्या जवळ राहतं. स्वीडनला लाकूड हवं, ते यासाठी. विदर्भातल्या एप्रिलमध्ये शहाबादी फरशी झाकून त्यावर लाकडी पट्ट्या बसवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला तेवढंच लागतं. लोकरी गालिचा, चामड्याचा सोफा, भिंतीला लावलेला वॉलपेपर ही तिची आवडती ठिकाणं. धुता येणारी सुती सतरंजी, वेत, सागवान ही तिथली योग्य सामग्री. बाहेरच्या भिंतीला कपाट करायचंच असेल, तर मागे दोन इंच हवा खेळती ठेवावी. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या, कडा उघड्या राहिल्या तर त्या पाणी पिऊन फुगतात, म्हणून सुताराकडून सगळ्या कडा, मागच्यासुद्धा, पट्टीने बंद करून घ्याव्यात. याच बोर्डांच्या आणि प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा वायू हवेत येतो. नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरणारा वास बरेचदा त्याचाच असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. प्लाय घेताना कमी उत्सर्जनाचा, ‘ई-वन’ किंवा त्याहून चांगल्या दर्जाचा मागावा. उष्णता आणि दमटपणा वाढला की हे उत्सर्जनही वाढतं. त्यामुळे फर्निचरचं काम दिवाळीनंतर काढावं, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतील अशा दिवसांत, आणि लहान मुलांच्या खोलीचं काम झाल्यावर निदान काही आठवडे त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवावं.